हो, सगळे म्हणतात

आई, आज लिफ्टमध्ये मी खोटं बोलले. तेच सांगायला बसलेय, पण सुरुवात तुझ्यापासूनच करावी लागेल.

दिल्लीतलं, मयूर विहारचं आपलं घर. मी एकोणीस वर्षांची, पासपोर्टसाठी कागद शोधतेय, आणि तुझ्या साड्यांखाली कोर्टाचा कागद सापडतो. दत्तक! तू पोळ्या लाटतेयस. मी तो कागद ओट्यावर आपटते. तू लाटणं खाली न ठेवताच म्हणतेस, "तुझ्याकडे कुणी बोट दाखवू नये म्हणून गं. म्हणून तर नागपूर सोडलं, बदली मागून घेतली. इथे कोण विचारतंय?" शेजारची एखादी आंटी म्हणायची, मुलगी अगदी तुमच्यावर गेलीये, की तू लगेच, "हो, सगळे म्हणतात." ते आठवून मी आणखीच भडकले. "खोटारडी आहेस तू," म्हणाले आणि न जेवता निघून गेले. पुढे तू जाईपर्यंत आपण बोललो ते कामापुरतंच.

तेव्हापासून मला वाटायचं, चांगली आई म्हणजे काही न लपवणारी. सहा वर्षांच्या लेकीला दत्तक घेऊन घरी आणलं आणि गुरुग्रामच्या आमच्या सोसायटीत मी ते सांगतच सुटले. शेजारी, टीचर, स्कूल व्हॅनचे भैया, कुणाला म्हणून सोडलं नाही. तेही तिच्यासमोर. लोक म्हणायचे, वा, किती मोठं काम! मी फुलून जायचे. खरं सांगू? ते सगळं मी तुला ऐकवत होते. तू कधीच गेली होतीस, आणि ऐकत ती बिचारी होती.

आता आठ वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात शाळेतून आली ती बुटांसकट सोफ्यावर बसली. "मम्मा, तुम हर किसी को क्यों बताती हो? वो मेरी बात है ना?" मला तूच आठवलीस. माझ्यापासून लपवलंस ते चुकलंच तुझं, ते मी आजही म्हणेन. पण बहिणी, माहेर, हक्काने मराठीत भांडायची माणसं, सगळं सोडून तू दिल्लीत आलीस ती माझ्यासाठी. हे मला ती चिमुरडी बोलेपर्यंत कळू नये? लाज वाटली गं.

आज लिफ्टमध्ये नवीन राहायला आलेल्या बाई म्हणाल्या, "बेटी तो बिल्कुल आप पर गई है." लेकीने झटकन माझ्याकडे पाहिलं. तिचा हात माझ्या हातात होता, घामाने चिकट झालेला. मी म्हणाले, "हां, सब यही कहते हैं." आमचा मजला आला तरी तिने हात सोडला नाही.

हे पत्र त्या कोर्टाच्या कागदाजवळच ठेवतेय. 'खोटारडी' म्हटलं ते मी कधी मागे घेतलं नाही, आई. आणि माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, तू आत्ता समोर असतीस तरी ते मला जमलं नसतं. ओट्याशी येऊन एवढंच विचारलं असतं, एखादी पोळी उरलीये का?