चूल वेगळी कधी झाली

माय, तुझ्या धाकट्यानं माझ्यावर दावा लावला. कसं सांगावं ते सुचेना, म्हणून आधी सांगूनच टाकलं. मळा माझ्याकडे, कोरडवाहू त्याच्याकडे, असं आजवर चाललेलं; आता विहिरीजवळच्या मळ्यात निम्मा हिस्सा मागतो आहे. कोर्टाचा माणूस समन्स घेऊन आला तेव्हा मी ओट्यावर मेथी निवडत बसलो होतो. कागदावर धाकट्याचं नाव वर, माझं खाली, मधे ‘विरुद्ध’. लग्नपत्रिका सोडल्या तर आमची दोघांची नावं एका कागदावर याआधी कधी आली होती, ते पुष्कळ आठवून पाहिलं.

मुलाला घेऊन मेहकरला गेलो. वकीलबाई नातीच्या वयाची. समोर दाव्याची नक्कल, हातात पेन. म्हणाली, “काका, जबाब लिहायच्या आधी मला तुमच्याकडून सगळं समजून घ्यायचं आहे. मी एकेक परिच्छेद वाचते. खरं असेल तर खरं म्हणा, खोटं असेल तर खोटं, माहीत नसेल तर माहीत नाही. फक्त गोष्ट नका सांगू.” तुझा नातू हसला. “गोष्ट नको म्हनता? मंग आमचे बाबा मुकेच बसतीन, मॅडम.” रेशन कार्ड वेगळं केव्हा झालं, सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावं, विहिरीवरच्या मोटरचं बिल कोण भरतं, सगळं तोच पटापट सांगत होता. मी मान हलवत होतो. मग तिनं विचारलं, “चूल वेगळी कधी झाली?” चुली वेगळ्या झाल्या म्हणजे भाऊ वेगळे निघाले, असं कोर्टात धरलं जाऊ शकतं म्हणे, म्हणून हे विचारावं लागतं. तिनं ते रेशन कार्डासारखंच विचारलं गं. आणि मी मनानं तिथून उठून गेलो, बसल्या जागेवरूनच.

तू पडवीत बसली आहेस. नाल्यातली चिकणमाती, तीत गव्हाचा भुसा, कोपरापर्यंत हात भरलेले. भाजीत तिखट किती, यावरून तुझ्या दोन सुना एकमेकींशी बोलत नाहीत. तू कोणालाच रागावली नाहीस. मुकाट्यानं दुसरी चूल घालायला घेतलीस. ती वाळली त्या सकाळी जुन्या चुलीतले निखारे, तोच इस्तो, खापरात घेऊन आलीस आणि नव्या चुलीत ओतलेस. आम्ही दोघं भाऊ दारात उभे. धाकट्यानं भीत भीत विचारलं, “माय, म्हंजे आता आमी वायले झालो का वं?” तू फुंकणीवरून तोंड काढलंस. धुरानं डोळे लाल. “वायले होतीन तुमच्या बायकायचे तवे. तुमी काऊन वायले हून राह्यले बे? इस्तो त एकच हाये.” त्यानंतर तू सकाळची भाकर एका चुलीवर खाल्लीस, सांजची दुसरीवर, जाईपर्यंत.

वकीलबाईला मी हे सांगू लागलो. त्याच्याही मागे गेलो. जुन्या चुलीपुढं आम्ही दोघं शाळेच्या कविता ओरडून ओरडून पाठ करायचो आणि तुला अक्षर वाचता येत नसताना, धाकटा दुसऱ्या कडव्याला अडला की भाकर उलटता उलटता तू पुढची ओळ त्याच्या हातात द्यायचीस. त्याला दुसरं कडवं कधीच यायचं नाही, माय. बाईचं पेन थांबलेलं. “काका, तारीख?” म्हटलं, “तारीख नाही, बाई. तुरी निघाल्या होत्या.”

मग तिनं चौथा परिच्छेद वाचला. ‘वादी व प्रतिवादी यांच्या आईने केवळ घरातील स्त्रियांच्या सोयीसाठी दुसरी चूल घातली. त्या वेळी वाटणी झाली नाही व तसे आईने उभयतांसमक्ष सांगितले.’ कोर्टाच्या भाषेत तू बोललीस. ती सकाळ मला वाटायचं माझ्याच एकट्याकडे आहे. त्यानंही जपून ठेवलेली. आणि ती बाहेर काढली ती अशी, माझ्याविरुद्ध.

“हे नाकबूल करायचं का?” बाईनं विचारलं. “आईंनी त्याच दिवशी मळा तुम्हाला आणि कोरडवाहू त्यांना वाटून दिलं, असं घडलं असेल तर आपली बाजू उभी राहते. पण घडलं असेल तेच सांगा. खाली सही तुमची असेल.” मुलानं माझा गुडघा दाबला. “सांगा ना, बाबा. आजी काय उठून येऊन राह्यली का साक्षीले?”

मी म्हटलं, “त्यानं लिहिलं ते खरं आहे.”

“काका, हे मान्य केलं तर मळा वाटणीत जाईल. त्यांचं कोरडवाहूही येईल वाटणीला, पण पाणी मळ्यातच आहे.”

“हो.”

तुझा नातू उठून दारात गेला. आमच्याकडे पाठ फिरवूनच बोलला, “मंग मी त्या अर्ध्यात काय लावू? कविता?” खोटं नाही बोलला. ठिबकच्या नळ्या त्यानं अंथरल्या, विहिरीतला गाळ त्यानं काढला, मी नुसता बांधावर बसून कविता लिहिणारा.  

बाई पुढं वाचत गेली. पाचवा खरा. सहावा खरा. सातव्यात होतं, ‘उभय पक्षांत आता कोणतेही नाते राहिलेले नाही.’

“खोटं,” मी म्हटलं.

“येणं-जाणं आहे?”

“नाही.”

“बोलणं?”

“नाही, बाई.”

“मग काका...”

“तरी खोटं आहे. नाकबूल लिहा.”

“याच्यानं निकालात काही फरक पडत नाही.”

“नको पडू द्या. पण लिहा.”

तिनं लिहिलं. ‘परिच्छेद सातमधील नात्याबाबतचा मजकूर खरा नसून प्रतिवादीस नाकबूल आहे.’ वाचून दाखवलं. मी पुन्हा एकदा वाचायला लावलं. जन्मभर चांगल्या ओळींच्या मागे फिरलो, माय; ही ओळ तशी काही नाही, पण घरी येताना बसमध्ये तीच म्हणत होतो. मुलगा पुढच्या सीटवर जाऊन बसला होता.

तो अजून बोलत नाही माझ्याशी. ताट सरकवतो आणि मळ्यात जातो. म्हणून तुला लिहायला बसलो. हा कागद कुठं टाकणार? घडी करून ठेवून देईन.

लोक विचारतात, या वयात कोर्टाच्या चकरा, जीवावर येत असेल. मी हो म्हणतो. पण तुला म्हणून सांगतो, मी तारखेची वाट पाहून राह्यलो आहे. त्या दिवशी धाकट्याला यावंच लागेल. पलीकडच्या बाजूला का होईना, उभा असलेला दिसेल.