मामा, मी नळीत पडून राहिलो

इंदिरानगर, नाशिक
रविवार दुपार

तीर्थस्वरूप मामांस,

उपेंद्रचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिलंय खरं, पण सध्या आडवं पडण्याच्या बाबतीत माझं मन जरा हळवं झालंय. का ते पुढे येईलच.) आम्ही इकडे ठीक. तुमचा गुडघा, मामींचा दमा, काळी गाय आणि मागच्या पडवीची गळती, सगळ्यांची खुशाली कळवावी. डोळ्याचं मी विचारत नाही, कारण फोनवर डोळ्याचं नाव काढलं की तुमच्याकडचं नेटवर्क त्याच क्षणी जातं. म्हणून पत्र. ते मामी वाचून दाखवतील हे मी धरून चाललोय. मामी, कंसातला मजकूर गाळू नका. मागच्या वेळी तुम्ही गाळलात आणि मामांना वाटलं, आमच्या लेकीचं, स्वरदाचं, लग्न ठरलं. पोरीची अजून परीक्षा व्हायचीय.

हे पत्र मी उभ्याने, फ्रिजवर कागद ठेवून लिहितोय. टेबलाशी बसलो की पाय हलायला लागतो, पाय हलला की टेबल हलतं, टेबल हललं की अपूर्वा स्वयंपाकघरातून नुसतं पाहते. तुम्ही लहानपणापासून मला 'भिंगरी' म्हणत आलात. भिंगरी आता पन्नाशीला आलीय, पण थांबायचं नाव नाही. पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये माल तपासायची नोकरी आहे म्हणून बरं, दिवसभर उभ्याने फिरतो आणि त्याला लोक मेहनत समजतात.

तर झालं असं की दिवाळीनंतर माझ्या उजव्या कानात शिट्टी वाजायला लागली. कुकरची म्हणावी तर कुकर बंद. मग हळूहळू त्या कानाने कमी ऐकू यायला लागलं. सुरुवातीला मी कुठे बोललो नाही, कारण सोफ्यावर अपूर्वा उजव्या बाजूला बसते आणि आमचा संसार त्या काळात फार सुखाचा चालला होता. (मामी, हे हळू आवाजात वाचा.) पण एकदा रस्ता ओलांडताना उजवीकडून येणारा टेम्पो मला ऐकूच आला नाही, आणि तिने मला मानगुटीला धरून मागे ओढलं. तिथून सरळ कानाच्या डॉक्टरांकडे. त्यांनी तपासण्या केल्या, दोन्ही कानांत फरक फार आहे म्हणाले, आणि आतली नस बघायला एमआरआय लिहून दिला. बहुधा काही नसेल, पण क्वचित त्या नसेवर गाठ असते, ती नाही एवढं पाहून घेऊ, असं ते अगदी सहज बोलले. त्यांच्या त्या लांबलचक वाक्यातला 'गाठ' एवढा एकच शब्द माझ्या बहिऱ्या कानात व्यवस्थित शिरला.

त्यानंतर मी बसलोच नाही म्हणा ना. जेवतानासुद्धा ताट हातात घेऊन फेऱ्या. जॉगिंग ट्रॅकवर इतक्या चकरा मारल्या की तिथली म्हातारी मंडळी मला मॅरेथॉनला निघालेला समजून शुभेच्छा द्यायला लागली.

एमआरआय म्हणजे काय ते सांगतो. एक नळी असते, भट्टीच्या तोंडासारखी. तुम्हाला फळीवर झोपवतात, तोंडावर पिंजरा लावतात, हातात एक रबरी फुगा देतात आणि फळी आत सरकवतात. आत गेलं की छत नाकाच्या शेंड्याशी. अर्धा तास हलायचं नाही. मला, मामा. हलायचं नाही. घाबरलात तर फुगा दाबा, असं तिथला मुलगा म्हणाला. फळी सरकायच्या आधीच मी फुगा दाबला. तो म्हणाला, अजून सुरू नाही केलं. पुन्हा नेलं, पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा मी फुग्याच्या भानगडीतच पडलो नाही, पायाच्या बाजूने सरपटत बाहेर आलो आणि चालत सुटलो. त्या लोकांचा अंगरखा मागून बांधायचा असतो आणि मी तो बांधलेला नव्हता हे मला बाहेर थांबलेल्या पेशंटांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

भूल देऊन करता येतं का विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, तुमचा झोपेत श्वास अडकतो, शक्यतो नको. (माझं घोरणं आणि अडकणं शेजारच्या विहंगला भिंतीपलीकडून तोंडपाठ आहे.) हाच विहंग मग म्हणाला, काका, संमोहन करून घ्या. आणि मला एका हॉलमध्ये घेऊन गेला. तिथे काळा कोट घातलेले एक संमोहनसम्राट होते. त्यांनी मला स्टेजवर बोलावलं, डोळे मिटायला लावले आणि कानाशी येऊन कुजबुजले. नेमके उजव्या कानाशी. मला अक्षर ऐकू आलं नाही. बाकीच्यांचे हात म्हणे दगडासारखे ताठ झाले होते आणि मी आपला नाक खाजवत उभा. शेवटी सम्राट डाव्या बाजूला आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, जरा सहकार्य करा, लोक बघतायत." माणूस अडचणीत आहे हे पाहून मी हात ताठ केला. कार्यक्रमानंतर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मागच्या जन्मी मी किल्ल्याच्या भुयारात गुदमरून मेलो, म्हणून या जन्मी नळीची भीती, आणि तो जन्म धुवून काढायला बऱ्याच बैठका लागतील. मला एकदम पटलं. पुढचे काही दिवस किल्ला कुठला असेल यावर मी इतका विचार केला की रामशेजवर जाऊन भुयार शोधायचं ठरवलं होतं. अपूर्वाने गाडीची किल्ली लपवली.

कानाच्या डॉक्टरांना हे कळलं तेव्हा ते रागावले नाहीत, पण चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. मग म्हणाले, संमोहन खोटं नाही, तुम्ही चुकीच्या दुकानात गेलात. आणि त्यांनी मला डॉ. आयशा यांच्याकडे पाठवलं. त्या मानसोपचाराच्या डॉक्टर. मला वाटलं लोलक असेल, अंधार असेल. तिथे एक कुरकुरणारा पंखा, दोन खुर्च्या आणि पाण्याचा जग. मी खुर्चीऐवजी खिडकीशी उभा राहिलो. मी भुयाराचं सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मागच्या जन्माचं मला काही माहीत नाही. या जन्मात तुम्हाला पुढच्या आठवड्यात मंगळवारी पुन्हा स्कॅनला जायचंय, आपण तेवढंच बघू."

मी विचारलं, मला झोपवणार का, आणि झोपेत मी बँकेचा पासवर्ड वगैरे बोललो तर. त्या हसल्या. संमोहन म्हणजे झोप नव्हे, म्हणाल्या. तुम्ही द्राक्षाचा घड निरखत असता तेव्हा मागे कुणी हाक मारली तरी ऐकू येत नाही ना? (मला तशीही ऐकू येत नाही, पण मुद्दा पोचला.) लक्ष एका ठिकाणी इतकं लागतं की बाकीचं मागे सरतं, आणि त्या वेळी मन सुचवलेली गोष्ट लवकर धरतं. एवढंच. नको असलेलं तुमच्याकडून कुणी करवून घेऊ शकत नाही, वाटेल तेव्हा डोळे उघडता येतात. काहींना खूप उपयोग होतो, काहींना थोडा, काहींना अजिबात नाही, तेव्हा आधीच वचन देत नाही. आणि गाठ असलीच तर संमोहनाने ती जाणार नाही, तिला तिचेच उपचार. मामा, औषध विकणाऱ्याने आधी औषधाच्या मर्यादा सांगाव्यात हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं आणि खुर्चीत बसलो.

मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "भीती नळीची आहे, की नळी काय सांगेल त्याची?"

माझा पाय हलायचा थांबला. मामा, आईचा रिपोर्ट आणायला आपण दोघंच गेलो होतो, आठवतं? तुम्ही पाकीट न उघडताच खिशात घातलंत आणि बसस्टँडवर मला उसाचा रस पाजलात. मी तेव्हा कॉलेजात होतो. मी हे त्यांना सांगितलं. आजवर अपूर्वालाही सांगितलं नव्हतं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, आणि त्या दिवशी संमोहन झालंच नाही.

पुढच्या भेटीला झालं. डोळे मिटले की मला पाठीला खाज, मानेला खाज, पाय तर मशीनच. त्या म्हणाल्या, पायाला हलायचंय तेवढं हलू द्या, उलट आणखी जोरात हलवा, आणि नीट लक्ष द्या तो कसा हलतो ते. मी मन लावून पाय हलवला. थोड्या वेळाने पायालाच कंटाळा आला. जन्मभर सगळ्यांनी 'हलू नको' म्हटल्यामुळे तो हट्टाला पेटला होता बहुतेक. मग त्यांनी विचारलं, शांत वाटतं अशी जागा सांगा. लोक समुद्र, देऊळ वगैरे सांगतात. मी म्हणालो, आमच्या पॅकहाऊसची शीतखोली. दार लावलेलं, क्रेटच्या थप्प्या, थंडगार वास आणि कॉम्प्रेसरची ढबढब. त्यांनी लगेच तीच धरली. नळीतला आवाज म्हणजे कॉम्प्रेसर, छत म्हणजे वरचा क्रेट, आणि मी माल तपासतोय, एकेक घड, घाई नाही.

घरी रोज सराव करायचा होता. मी पलंगाखाली शिरून, तोंडावर धुण्याची प्लास्टिकची टोपली घेऊन पडायचो आणि कॉम्प्रेसरसाठी मिक्सर चालू ठेवायला लावायचो. एकदा विहंग साखर मागायला आला, पलंगाखालून माझे पाय पाहिले आणि साखर न घेताच गेला. तेव्हापासून तो माझ्याशी फार आदराने बोलतो.

मंगळवारी गेलो. या वेळी अंगरखा अपूर्वाने स्वतः बांधला, गाठीवर गाठ. पिंजरा लागला, डोळे मिटले, फळी सरकली. ढबढब सुरू झाली आणि मी खरंच शीतखोलीत पोचलो, मामा. घड उचलत होतो, देठ बघत होतो. मध्येच एकदा आवाज बदलला, हात फुग्यावर गेला. आणि तेवढ्यात पायाला कुठून तरी ऊब आली. शीतखोलीत ऊब, हे डॉक्टरांनी सुचवलेलंही नव्हतं. माझ्याच मनाची करामत. मी पुन्हा घड उचलला. बाहेर काढलं तेव्हा मी त्या मुलाला विचारलं, सुरू कधी करणार.

रिपोर्टचं पाकीट मी स्वतः उघडलं, तिथेच, बाकावर बसून. गाठ नाही. नस कमजोर झालीय, यंत्र लावावं लागेल, बस. अपूर्वा डोळे पुसत राहिली, आणि मी, मामा, हलायचंच विसरलो.

भिंगरी मात्र तशीच आहे. आयशा मॅडम म्हणाल्या, तो आजार नाही, स्वभाव आहे, फ्रिजवर लिहीत चला. मामींना नमस्कार, गाईच्या पाठीवरून हात फिरवा.

आपला भाचा,
उपेंद्र

ता. क. मामींचा फोन आला होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला टेबलावर झोपवल्यावर, चेहऱ्यावर कापड टाकलं तसे तुम्ही उठून, हिरवी टोपी डोक्यावर तशीच ठेवून कळवणच्या बाजारातून घरी चालत गेलात म्हणे. आणि वर मामींना म्हणालात, "डोळा माझा हे, मी बघीन काय करायचं ते." तुम्ही बघणार कशाने, मामा? मी शुक्रवारी आयशा मॅडमकडे तुमची वेळ घेतलीय. त्या ऑपरेशन करणार नाहीत, डोळ्याच्या डॉक्टरांसमोर पडून राहायला शिकवतील. गाडी घेऊन मी सकाळी येतो. हे सगळं पत्र त्यासाठीच होतं. भुयाराचं मुळात लिहिणारच नव्हतो.

ता. क. मामा, मी अपूर्वा. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. सगळं खरं आहे, फक्त एक गोष्ट ह्यांना ठाऊक नाही. त्या दिवशी तिथल्या मुलाला विनवून मी आत गेले होते. धातू चालत नाही म्हणून बांगड्या, सेफ्टीपिना, मंगळसूत्र सगळं बाहेर काढून ठेवलं आणि फळी बाहेर यायच्या आधी गुपचूप निसटेपर्यंत ह्यांच्या पायाचा अंगठा धरून बसले. मध्यावर पाय ओढायला लागले तेव्हा जोरात दाबला, ती ह्यांची ऊब. आयशा मॅडमना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, राहू द्या, दोन्ही औषधं एकमेकांना मारत नाहीत. मामी, हे मामांना वाचून दाखवा, पण ह्यांना कळवू नका. आणि शुक्रवारी तुम्हीही या. डोळ्याच्या ऑपरेशनला आत कुणाला घेत नाहीत म्हणतात, पण मी विचारून ठेवलंय. तुम्हाला पायाशी स्टूल मिळेल.