पिकअपमधली हिच

बाबा,

तुमच्या पिकअपमधली हिच, कॅरव्हॅन जोडायचा तो लोखंडी जबडा, मी परवाच्या शनिवारी काढली. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि चौदा वर्षं ती हौद्यात मधोमध तशीच बसून होती. इथले लोक कॅरव्हॅन गाडीच्या मागे जोडतात. तुम्हाला मात्र ती अमेरिकन पद्धतीची लांबलचक फिफ्थ व्हील हवी होती, जिची मान थेट पिकअपच्या हौद्यात येते आणि लोखंडी जबड्यात अडकते. अख्ख्या एडिनबरात अशी दुसरी नाही, हे तुम्ही घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचात. कॅरव्हॅन आईने तुमच्यामागे सहा महिन्यांत विकून टाकली. पिकअप ठेवली, साठाव्या वर्षी ड्रायव्हिंग टेस्ट दिली आणि ती चालवायला लागली. हिचला मात्र हात लावू देईना. तुमची आठवण म्हणून ठेवली असेल, असं मी धरून चालले होते. आता तिला भाजीपाला लावायला अलॉटमेंटची जमीन मिळाली आहे, खताची पोती न्यायची असतात, म्हणून मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाली, "ते धूड काढ गं एकदाचं." मी विचारलं, "इतकी वर्षं का नाही बोललीस?" तर म्हणाली, "भीती वाटायची. कुणी हात लावायचा नाही म्हणून सांगून ठेवलं होतं ना त्यांनी." चौदा वर्षं, बाबा. गेल्यावरसुद्धा धाक ठेवता आला तुम्हाला.

हात लावायचा नाही, हे मीही ऐकलेलं आहे. ऑक्टोबरात सीझन संपला की तुम्ही जबडा पुसून ग्रीस लावायचात, हॉस्पिटलमधले तुमचे दोन मित्र चहाचे मग घेऊन बघत उभे असायचे. मी अकरा वर्षांची असेन. नुसती एक पिन ओढून पाहिली, तर त्यांच्यासमोर तुम्ही म्हणालात, "ज्याला अक्कल आहे त्याने मशीनला हात लावावा. तू आत जा, आईला पोळ्या लाटू लाग." ते हसले. आज मी एमआरआय स्कॅनर चालवते. त्यालाही तुम्ही शेवटपर्यंत 'फोटो काढायचं काम' म्हणत राहिलात.

तर शनिवारी सकाळी मी आईकडे गेले. दोन दिवस आधीच तिला सगळ्या नटांवर तेल मारून ठेवायला सांगितलं होतं. शेजाऱ्याकडून इंजिन उचलायची हात-क्रेन आणली, पिना ओढल्या, जबड्याचा वरचा भाग साखळीने उचलून बाहेर घेतला. तो तसा सहज निघाला. अवघड काम खालच्या दोन लोखंडी पट्ट्यांचं. त्यांचे बोल्ट हौद्यातून आरपार चासीपर्यंत गेलेले, म्हणजे वर एकाने बोल्टचं डोकं स्पॅनरने धरायचं आणि खाली दुसऱ्याने नट फिरवायचा. तुम्ही हे कुणाच्या मदतीने बसवलं होतंत कोण जाणे. आई पंच्याहत्तरीला आली आहे. स्वेटरच्या बाह्या वर करून, उशी टाकून हौद्यात बसली. मी योगा मॅट घेऊन गाडीखाली आडवी झाले. मला तिचा फक्त आवाज येत होता.

तिसरा नट सुटत असताना वरून तिने विचारलं, "त्या वेळी त्यांना निरोप कॅम्पसाइटवरच मिळाला होता ना?"

कुठल्या वेळी, असं मी विचारलं नाही. मी बारा वर्षांची होते. वर हायलँड्समध्ये समुद्राकाठी आपला मुक्काम होता, तेव्हा मोबाइल नव्हते, तुम्ही हॉस्पिटलच्या वॉर्डात कॅम्पसाइटचा नंबर देऊन ठेवला होता. शुक्रवारी दुपारी आपण दोघं दूध आणायला ऑफिसात गेलो, तर तिथल्या बाईंनी चिठ्ठी वाचून दाखवली. वॉर्डातून नंबर घेऊन नागपूरहून मामाने फोन केला होता. आजी सिरीयस, ताईला लगेच पाठवा. तुम्ही चिठ्ठी घडी करून खिशात ठेवता, बाहेर येता. मग म्हणता, "रविवारपर्यंत बुकिंग आहे. दोन दिवसांनी काही फरक पडत नाही, मी डॉक्टर आहे, मला कळतं. आईला उगाच घोर नको. हे आपल्या दोघांत. तू समजूतदार आहेस." रविवारी घरी पोचल्यावर तुम्ही फोन उचलून आत्ताच कळल्यासारखं केलंत. सोमवारी पहाटे आजी गेली. आई मंगळवारी नागपूरला उतरली.

"हो," मी गाडीखालून म्हटलं.

"तुझ्या मामाने मला तेव्हाच सांगितलं होतं, शुक्रवारीच कळवलं म्हणून."

"मग बाबांना विचारलं नाहीस?"

"विचारून काय? निरोप पोचलाच नाही म्हणाले असते." मग म्हणाली, "तुला कसं माहीत?"

"मी तिथेच होते, आई."

वर पत्र्यावर स्पॅनर ठेवल्याचा आवाज आला. माझ्या तोंडावर गंजाचा भुगा पडला होता, तो मी पुसला नाही.

"बारा वर्षांची होतीस तोवर ठीक आहे," ती म्हणाली. "पुढे? ते गेले तेव्हा तू तीस वर्षांची होतीस. त्यानंतरही चौदा वर्षं माझ्या हातचं जेवतेस."

मी म्हटलं, "बाबांची भीती वाटायची." तिला तेवढं पुरेल असं मला वाटलं, कारण तिची स्वतःचीही तीच अडचण होती. ती म्हणाली, "हं. फिरव." आम्ही उरलेले नट काढले. पट्ट्या उचलून भिंतीशी ठेवल्या, भोकांना मी रबरी बुचं बसवली. तिने मला चहा दिला, स्वतः घेतला नाही, आणि पडते जरा म्हणून वर गेली. तेव्हापासून तिचा फोन नाही. मी केला तर उचलते, खताबद्दल बोलते, ठेवते.

मी तुमच्यावर चिडलेली आहे, ते जाणार नाही. पण तुमची भीती वाटायची म्हणून मी गप्प राहिले, हे खोटं आहे. त्या शुक्रवारनंतर तुम्ही मला पुढच्या सीटवर बसवलंत. आईला मागे. दुसऱ्या दिवशी सकाळी मला एकटीला घेऊन किनाऱ्यावर फिरायला गेलात. निघताना कॅरव्हॅन जोडताना मला हाक मारलीत, जबडा नीट मिटला का बघ म्हणालात, आणि मी मिटला म्हटल्यावर स्वतः न बघता गाडी काढलीत. आजी आजारी आहे हे मला माहीत होतं, आई मागे बसून संत्री सोलून आपल्याला देत होती, आणि मी इतकी खूश होते, बाबा, की तो प्रवास संपू नये असं मला वाटत होतं. हे आईला सांगणं माझ्याने होणार नाही. तुम्हाला सांगून काही बदलणार नाही, म्हणूनच तुम्हाला लिहिता आलं.