बारा वाट्यांचं वाण

पनवेल, २८ जानेवारी २०२६

प्रिय रिदा,

सगळं सापडलं. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू स्वस्थपणे वाचशील. परवा दुपारी दुकानाचं डिजिटल पाकीट नव्या फोनवर उघडलं आणि आठ महिन्यांची कमाई जागच्या जागी दिसली, एक सेंटही इकडचा तिकडे नाही. मी शिलाई मशीनवर डोकं टेकून पाच मिनिटं नुसती बसून राहिले. नऊवाऱ्यांना काष्टे घालायला येणारी दिपिका पाण्याचा तांब्या घेऊन धावली, तिला वाटलं मला भोवळ आली. तसं म्हटलं तर आलीच होती, पण सुखाची.

हे पत्र यासीनभाईच्या हाती देते आहे, तो शुक्रवारी तुमच्या दोह्याला निघतोय. तू म्हणशील, फोन आहे, मेसेज आहेत, मग एवढी पानं कशाला खरडलीस? कारण आहे, पण ते शेवटी. आधी काय झालं ते ऐक, कारण फोनवर मी तुला त्यातलं निम्मंसुद्धा सांगितलं नाही.

गेल्या वर्षीचा एप्रिल तुला आठवत असेल. कार्डाचे पैसे घेणाऱ्या त्या कंपनीने माझ्या दुकानाचं खातं ‘तपासणीसाठी’ अडकवलं होतं. मॉरिशसच्या सतरा नऊवाऱ्या शिवून, इस्त्री करून खोक्यात बसल्या होत्या, गिऱ्हाइकांनी पैसे भरले होते, आणि ते पैसे एकेचाळीस दिवस मला दिसायचे पण हात लावता यायचा नाही. रोज मेल पाठवायची, रोज तेच गोड उत्तर यायचं. मे महिन्यात तू सुटीवर आलीस, खुर्ची ओढलीस आणि शाळेतल्या मॉनिटरच्या आवाजात म्हणालीस की आपल्याच पैशाला दुसऱ्याची परवानगी कशाला मागायची. त्याच आठवड्यात तू साइटवर डिजिटल नाण्यांत पैसे घ्यायचं ते बटण बसवलंस. एका नाण्याला एक डॉलर, आज डोंगरावर उद्या दरीत असला प्रकार नाही. नायजेरियात लेगोसमधल्या एखाद्या बाईने तिकडे बटण दाबलं की मिनिटभरात पैसे थेट माझ्या पाकिटात, मध्ये कुणी नाही. लेगोसच्या मराठी मंडळातल्या लेझीमवाल्या बायका तर खूश झाल्या, त्यांची कार्डं तशीही अर्धा वेळ चालायची नाहीत. आमचे सीए कृष्णकांतकाका कपाळाला आठ्या घालत का होईना, कर आणि कागद नीट लावून देतात.

पण पाकीट उघडताना फोनवर बारा शब्द आले, त्या वेळचं तुझं रूप मी विसरणार नाही. मध्ये कुणी नाही म्हणजे हरवलं तर रडायलाही कुणाकडे जाता येत नाही, हे तू मला तीनदा ऐकवलंस. फोन गेला तरी चालेल, दुसऱ्या फोनवर हे बारा शब्द ओळीने घातले की पाकीट पुन्हा उघडतं, पण हे शब्द गेले की सगळं गेलं. आणि मी ते लिहून घ्यायला लागले तशी तू उठलीस आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिलीस. मी म्हटलं, अगं, तुझ्यापासून काय लपवायचंय? तू वळली नाहीस. म्हणालीस, “तुझा माझ्यावर विश्वास आहे, ठाऊक आहे. त्याची गरजच पडू नये म्हणून उभी आहे.” खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, आणि बारावा शब्द लिहून होईपर्यंत तू त्याच्याकडे बघत होतीस.

कागद भिजतो, त्याला वाळवी लागते, म्हणून स्टीलवर कोर, हाही हुकूम तुझाच. मग मी लाईन आळीतल्या यासीनभाईच्या भांड्यांच्या दुकानातून डझनभर वाट्या आणल्या आणि भांड्यांवर नाव घालायचं त्याचं मशीन एका दिवसासाठी मागून आणलं. दुसऱ्याकडून कोरून घेतलं असतं तर त्यानेच वाचलं असतं. एकेका वाटीच्या बुडाला आकडा आणि एकेक इंग्रजी शब्द. अक्षर असं आलं की त्यापेक्षा कोंबडीचे पाय बरे. वाट्या त्यांच्याच खोक्यात घालून कपाटात साड्यांच्या मागे ठेवल्या. ही गोष्ट फक्त तुला आणि मला ठाऊक होती. दीपेशला, सख्ख्या नवऱ्याला, सांगितलं नव्हतं, कारण न्हावा शेव्याच्या यार्डातल्या त्याच्या कुणा मित्राने असल्या कुठल्याशा नाण्यांत पैसे घालवले होते, तेव्हापासून नाणं म्हटलं की तो जुगार म्हणायचा. बाहेरगावचे पैसे येतात, एवढंच त्याला ठाऊक. चोरटेपणा म्हण हवं तर, आता मीही तेच म्हणते.

आता मागच्या मंगळवारचं. पळस्प्याच्या फाट्यावरून स्कूटीने येत होते, पुढच्या खणात फोन. खड्डा आला, फोन उडाला, आणि मागून येणाऱ्या कंटेनरचं चाक त्यावरून गेलं. ट्रकवाला बिचारा थांबलासुद्धा, त्याला वाटलं माझं काही चिरडलं. मी त्याला हसून म्हटलं, जा बाबा, फोनच आहे. इतकी निश्चिंत होते मी. तुझे धडे पाठ होते ना. संध्याकाळी नवा फोन आणला, दार लावून घेतलं, साड्या बाजूला केल्या, तर मागे भिंत. खोकं नाही, वाट्या नाहीत.

ते चार दिवस मला पुन्हा नकोत. पाडव्याच्या ऑर्डरी लागल्या होत्या. लेगोसच्या चाळीस नऊवाऱ्यांचं आगाऊ भरलेलं सगळं त्या पाकिटात होतं, त्यातूनच कापड घ्यायचं, त्यातूनच दिपिकाची आणि दुसऱ्या दोघींची मजुरी. साइटवरून पाकिटातली रक्कम दिसायची, एप्रिलातल्यासारखीच, पण या वेळी मेल पाठवायलाही कुणी नव्हतं. कुलूप माझं, किल्ली माझी, आणि किल्ली मीच घालवलेली. मी सगळं घर उपसलं. दीपेशने विचारलं काय शोधतेस, तर म्हटलं कात्री. तीन दिवस कात्री शोधणारी बायको त्याने पहिल्यांदाच पाहिली असेल. आणि डोक्यात एक संशय शिरला होता. तो कुणावरचा, तेही शेवटीच सांगते, हात अजून तिथवर जात नाही.

सासूबाई संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दुसऱ्याच दिवशी उरणला माहेरी गेल्या होत्या. त्या शनिवारी परत आल्या, आणि जेवायला बसल्यावर सहज म्हणाल्या की तुझ्या त्या वाट्यांचं बायांनी फार कौतुक केलं. माझा घास हातातच राहिला. रिदा, हळदीकुंकवाच्या त्या शुक्रवारी, दोह्याला परतायच्या आधी, तूही होतीस ना, किती बायका आल्या होत्या ते पाहिलंस. वाणाच्या डब्या संपल्या, मी आत तिळगुळात गुंतलेली, आणि दारातली सवाष्ण रिकामी जाऊ नये म्हणून सासूबाईंनी माझं कपाट उघडलं. कोऱ्या वाट्या, एक डझन, बुडाला नाव घातलेलं. आपल्याकडे नाव घातलेली कोरी भांडी कशासाठी असतात? “मना वाटलं वाणाच्याच हाईत. नाव पन घातलेलं. मी म्हटलं, सुनेनं नवीन फ्याशन काढली.”

मी रडायलाच लागले, तेव्हा दीपेशसमोर सगळं बाहेर पडलं. तो चिडेल म्हणून मी अंग चोरून बसले होते, पण त्याने एवढंच विचारलं की हे सगळं तू एकटीने चार दिवस घेऊन फिरत होतीस? मग हात धुऊन त्याने खाली जाऊन स्कूटी बाहेर काढली. सासूबाईंना मात्र सगळं नीट समजावून घ्यायचं होतं. ही नाणी कशी चालतात हे तू दीपेशला एकदा, माझ्या पाकिटाचं नाव न काढता, सांगायला गेली होतीस, तेच मी त्यांना सांगितलं, आणि त्याला जे उमगलं नव्हतं ते त्यांना दोन मिनिटांत उमगलं. बँक नाही, पेटारा आपला आणि किल्ली आपल्याच कमरेला, एवढंच ना, असं म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा उतरला, कारण ती किल्ली त्यांनी हळदीकुंकू लावून वाटली होती.

मागून आणू म्हटलं, तर त्यांनी हात जोडले. दिलेलं वाण परत मागितलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. युक्तीही मग त्यांनीच काढली. रविवारी रथसप्तमी, त्या दिवशी सोडत. वाटीखाली आकडा आहे, वाटी घेऊन या, ज्या आकड्याची चिठ्ठी निघेल तिला मनस्वी ब्लाऊज फुकट शिवून देईल. फुकट ब्लाऊज म्हटल्यावर आठ जणी बारा वाजायच्या आत हजर. आणि भांडं रिकामं न्यायचं नाही म्हणून प्रत्येकीच्या वाटीत काही ना काही, कुणाच्या साखर, कुणाच्या शेंगदाणे, एकीच्या तर चक्क सुक्या जवळ्याची चटणी. आम्ही ते रिकामं करून घ्यायचो, सासूबाई वाटी पालथी धरायच्या, मी वहीत आकडा आणि शब्द लिहायची, आणि पुन्हा त्यात तिळाचा लाडू घालून परत करायची. सोडतीचं ब्लाऊज शेजारच्या हरेशच्या आईला गेलं. गेली वीस वर्षं त्या बाईला कधी काही लागलं नव्हतं, ती इतकी खूश की मला वाटलं हे दरवर्षी करावं.

उरलेल्यांना आम्ही शोधत गेलो. एकीने त्यात दही लावलेलं, ती काही केल्या वाटी हलवू देईना, दही मोडतं म्हणून. शेवटी दीपेशने वाटी अलगद डोक्यावर धरली आणि मी खाली मान वाकडी करून शब्द वाचला. एकीकडे ती मांजरीच्या दुधाला लागली होती. तिसरीने सरळ कबूल केलं की तिने ते वाण तिच्या हळदीकुंकवात पुढे खपवलं, तेव्हा आम्ही कळंबोलीला एका ट्रकमालकाच्या घरी जाऊन, त्यांच्या देवघरात अक्षता भरलेली वाटी पाहून आलो. रात्री वही उघडली तेव्हा अकरा शब्द होते. आठवा नव्हता.

सासूबाई बोटं मोजत बसल्या. मग म्हणाल्या, एक तर रिदाच्या पिशवीत घातली, मसाल्याच्या पुडीबरोबर. कुंकू नाही लावलं, पण “ती बी लेकच. तिला रिकामी कशी धाडनार?”

म्हणून सोमवारी मी तुला फोन केला. फोन चिरडला आणि आठवा शब्द हवाय, एवढंच सांगितलं. तू फोनवर शब्द उच्चारायला तयार नव्हतीस, अजूनही तशीच कडक. म्हणालीस, सहावीतल्या क्रीडादिनाला आपण दोघी जे चमच्यात घेऊन पळालो आणि तू पाडलंस, त्याचं इंग्रजी. मी हसले, लिहिलं, पाकीट उघडलं. पैसे लगेच नव्या पाकिटात हलवलेत, कारण जुने शब्द आता अकरा घरांनी पाहिलेत, त्यात एक मांजर. फोन ठेवताना तू खुशीत म्हणालीस, “बघ, तू माझ्याकडे ठेवायला दिलास ते किती बरं झालं.” मी हो म्हटलं. आणि त्या ‘हो’साठी हे पत्र आहे.

रिदा, मी तुला ती वाटी दिली नव्हती. पिशवी उघडून बुडाचा शब्द पाहिल्यावर तुला वाटलं की बारांतला एक शब्द मी विश्वासाने तुझ्या हवाली केला, आणि तू ती वाटी लॉकरमध्ये जपून ठेवलीस, कुणाकडे बोलली नाहीस. आणि मी? वाट्या कुठे आहेत हे फक्त तुला ठाऊक होतं, तू त्याच आठवड्यात गेली होतीस, म्हणून मी तुझ्यावर संशय घेतला. बुधवारचा माझा पहिला फोन आठव, जाताना सामान जड झालं का म्हणून आडून आडून विचारत होते तो. तू म्हणालीस, “जे माझ्याकडे आलंय ते सुखरूप आहे, फोनवर त्याचं नाव काढू नको.” तू मला धीर देत होतीस, आणि मला तो कबुलीजबाब वाटला. पुढचे तीन दिवस मी तुला मनात चोर म्हटलं, खिडकीकडे तोंड करून उभं राहिलेल्या तुला. मला लाज वाटते. न सांगता खपून गेलं असतं, पण तुझ्या त्या खुशीआड मला आयुष्यभर लपता येणार नाही. रागव, बोलू नकोस महिनाभर, मी वाट बघेन. ती वाटी तुझीच, दिलेलं वाण परत घेत नाहीत. नव्या पाकिटाला मी तीन किल्ल्यांची सोय केली आहे, कुठल्याही दोन लागल्या की उघडतं. एक माझी, एक दीपेशची, आणि तिसरी तू करावीस म्हणून जागा ठेवली आहे. सासूबाईंनी नाही, या वेळी मी देते आहे. घेणार असशील तर व्हिडिओ कॉल लाव. तुझ्या फोनवर तुझे शब्द यायला लागले की मला सांग, मी खिडकीकडे तोंड करून उभी राहीन.

तुझीच, माफीची वाट बघणारी,
मनस्वी