बाबांच्या बाजूचा तुकडा

तोरिनो, १२ मार्च १९५९

प्रिय दोनाताताई,

म्हणजे तू पुन्हा तेच लिहिलंस. मी शहरात जाऊन शेफारलो, आणि माझ्यामुळे घरात ताटल्यांवरून भांडण लागलं. मी काय केलं गं? साव्हिनोच्या घरची माणसं लग्न ठरवायला येणार, कसं वाढू, असं तूच विचारलंस. मी म्हटलं, प्रत्येकाला वेगळी ताटली दे. त्याची आई वकिलाच्या घरी स्वयंपाक करते. ती आपल्या मोठ्या ताटात सगळ्यांबरोबर काटा बुडवेल? यात शेफारण्यासारखं काय आहे? बाकी मी मजेत आहे, खोकला गेला. तुम्ही दोघं बरे असाल.

आता नीट वाच, कारण या कामात मला कोणी शिकवायला नको. शाळा तिसरीत सोडली, पण आज हॉटेलात सहा टेबलं माझ्या एकट्याकडे आहेत. सगळं एकदम मांडायचं नाही. आधी खोलगट ताटलीत मॅकरोनी आणि त्यावर नुसता रस्सा. रश्शात शिजलेलं मांस काढून झाकून ठेव, ते मागाहून, सपाट ताटलीत. दोन्ही एकदम वाढलंस तर त्याच्या आईला वाटेल, घरात एवढंच होतं. मांसानंतर कडू पाला तेल-मीठ लावून, मग फळं. पाव सरळ टेबलावरच्या कापडावर ठेव, त्याला ताटली लागत नाही. काठाला रस्सा लागला तर पुसून मगच बाहेर आण. पहिली ताटली त्याच्या आईला, मग वडिलांना. साव्हिनोला शेवटी वाढ, तो उपाशी राहिला तरी तुझ्याशीच लग्न करणार आहे. आणि सगळ्यांचं खाऊन झाल्याशिवाय एकाचीही ताटली उचलू नकोस.

मी पहिल्या महिन्यात उचलायचो. आमचे मुख्य वाढपी रावेरा सगळ्यांदेखत म्हणाले, "काय रे दक्षिणवाल्या, तुमच्याकडे जेवणाऱ्याच्या आधी ताट पळून जातं का?" सगळे हसले, मीही हसलो. आमच्याकडे अख्ख्या घराचं एकच ताट होतं, हे काही त्यांना सांगितलं नाही. ज्याची त्याची बाजू ठरलेली. हळू खाणाऱ्याची बाजूही तशीच राहायची, दुसऱ्याच्या बाजूला कोणाचा काटा जायचा नाही.

बाबांचा सोडून.

तू लिहितेस, म्हातारा हट्टाला पेटलाय, वेगळ्या ताटल्या आल्या तर गोठ्यात जाऊन जेवेन म्हणतो. मुलीच्या बापाची खुर्ची रिकामी दिसली तर ती माणसं समजतील की त्याला हे स्थळ मान्य नाही, आणि उठून जातील. ते उठणारच, मीही उठलो असतो. पण हा हट्ट नाही, ताई. गेल्या तीन पत्रांत मी हवापाण्याचं लिहीत बसलो ते हे सांगायचं टाळायलाच.

मी निघालो त्या रविवारी तू चुलीपाशी होतीस, तुझी पाठ होती. बाबांनी आपल्या वाट्याचं मांस कधी पुरतं खाल्लं नाही. बोलता बोलता काट्याने एखादा तुकडा ते माझ्या बाजूला सरकवायचे, चुकून सरकल्यासारखा, मला मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हापासून. मी न बघता खायचो, तेही बघायचे नाहीत. त्या दिवशी आमचं तोरिनोवरून वाजलं होतं. जमीन कोण बघणार, मी काय इथेच कुजू, हे सगळं तू ऐकलंसच. मग नेहमीसारखा तो तुकडा माझ्याकडे आला. मी तो परत ढकलला. म्हटलं, "मला तुमचं उष्टं नको."

बाबांनी काटा पुसला, ठेवला आणि ते उठले. मी संध्याकाळची गाडी धरली.

आता तोच मी इथून लिहितो, प्रत्येकाला वेगळी ताटली दे. त्यांना त्यात काय ऐकू आलं असेल?

मागच्या महिन्यात हॉटेलात एका म्हाताऱ्याने आपला तुकडा समोरच्या मुलाच्या ताटलीत टाकला, आणि मी पेला भरून वाहीपर्यंत पाणी ओतत राहिलो. रावेरांनी मला आत पाठवलं.

पुढचं बाबांना मोठ्याने वाचून दाखव. वरचं नको.

बाबा, मी कानियो. मी बोललो ते वाईट बोललो. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी ताईकडच्या पाहुण्यांना वाढायला मी येतोय. सगळ्यांचं वाढून झालं की मोठ्या ताटावर तुमच्या समोर बसेन. माझ्या बाजूला काय सरकवायचं ते तुम्ही ठरवा. मी खाईन.

झालं. आता त्यांच्या तोंडाकडे बघत बसू नकोस, वाइन आणायला म्हणून तळघरात जा आणि जरा वेळ लाव.

मोठं ताट टेबलाच्या टोकाला ठेव, बाबांच्या जागेवर. साव्हिनोच्या आईने भुवई उचललीच तर सांग, तोरिनोच्या हॉटेलांत घरच्या यजमानाला असंच वाढतात. मी मागे उभा राहून मान हलवेन, बघ तिला कसं पटतं. रावेरांनी तीन दिवसांची रजा दिलीय. नसती दिली तरी आलो असतो.

ज्याने त्या दिवशी ताट सोडलं, तो तुझा भाऊ,
कानियो

ता.क. पाहुणे पाच आणि तू, अशा सहा जणांच्या खोलगट नि सपाट ताटल्या आण, पांढऱ्या, बिननक्षीच्या. बाबांची आणि माझी धरलेली नाही. त्या हिशेबाने पाठवतोय, सहा हजार लिरा.