बाटल्या कोण भरतं

४ एप्रिल

फुटली! स्ट्रॉबेरीची बाटली. छत, भिंत, नुकताच धुतलेला पडदा — सगळं गुलाबी. चूक माझीच. झाकण घट्ट लावून बाटली शेगडीशेजारी ठेवली आणि विसरले. आंबवलेलं दूध, त्यात गोड फळ, वर ऊब. झाकण उडणारच.

हा स्टुलावर चढून छत पुसत होता. मधेच बोटाने छतावरचं चाखलं. थांबला. परत चाखलं. म्हणाला, "फ्रिजमधल्यापेक्षा ही बरी लागते गं. जिभेला चुरचुरते." आणि चक्क हसला. दारू सोडल्यापासून खाण्यापिण्यातल्या कशालाही हा माणूस बरं म्हणाल्याचं मला आठवत नाही. पडदा गेला तर गेला.

६ एप्रिल

वन्सं येऊन गेल्या. केफिरचे दाणे त्यांनीच दिलेले. फ्लॉवरच्या तुऱ्यांसारखे दिसतात. दुधात टाकायचे, दुसऱ्या दिवशी दूध आंबतं, ते गाळून घ्यायचं आणि दाणे परत नव्या दुधात. गाळलेल्या दुधात मी फळं घालून फिरवते, झाली स्मूदी. वन्संचं म्हणणं असं की दारू सोडलेल्या माणसाच्या हाताला ग्लासाची सवय असते, तर ग्लासात काहीतरी हवं. त्या नर्स आहेत, असली माणसं रोज बघतात. भावासाठी जीव टाकतात अगदी.

बाटली फुटल्याचं सांगितलं तर म्हणाल्या, "माझ्याकडे कधी नाही फुटली. तुझ्या हाताला गुण आहे." इतकं बरं वाटलं की त्यांना आग्रह करकरून दोन ग्लास पाजले.

११ एप्रिल

नवी वाटणी. मी फळं फिरवायची, बाटल्या याने भरायच्या. "दिवसभर दुकानात उभी असतेस, एवढं मी करतो," म्हणाला. लग्न झाल्यापासून हा स्वयंपाकघरात पाणी प्यायला यायचा, तेवढाच. आता गाळणं काय, फनेल काय! द्राक्षाच्या, अननसाच्या बाटल्या झाकणं आवळून बाथरूमबाहेरच्या कपाटात ठेवतो, गीझरच्या उबेला. दोन दिवसांनी फ्रिजमध्ये. रोज एक डब्याबरोबर बसवर नेतो, दुपारी पितो. मला ते चुरचुरणारं सोसत नाही. मी आपली केळ्याची ताजी करते आणि लगेच पिते.

चष्म्याच्या दुकानात माझ्याबरोबर असते तिला सांगितलं. ती म्हणाली, नव्याचे नऊ दिवस. म्हटलं, नऊ तर नऊ.

१५ एप्रिल

आज याने द्राक्षाची बाटली उघडली तर बेकरीसमोरून जाताना येतो तसा वास आला. दाण्यांना आमचं घर मानवलं म्हणायचं.

१९ एप्रिल

डेपोतून फोन. सकाळची तपासणी रोजच असते, नळीत फुंकल्याशिवाय ड्रायव्हरला गाडीच देत नाहीत. तीत हा रोज पास होतो. आज दुपारी अचानक परत घेतली, फेरी मधेच थांबवून. मशीन वाजलं. बसमध्ये माणसं होती. सगळ्यांना उतरवलं आणि याला डेपोत आणून बसवलं, काम बंद.

घरी आला तो भिंतीला धरून नाही, सरळ चालत. तोंडाला वास नाही. म्हणाला, "घोटभरही घेतलेली नाही. आईशपथ." हीच शपथ, हाच आवाज. पूर्वी किती वेळा ऐकलाय. त्याची बॅग भरली आणि दारात ठेवली. गेला वन्संकडे.

२० एप्रिल

घर शोधलं. बुटांची खोकी, धुण्याची टोपली, टाकीमागे — पूर्वी बाटल्या सापडायच्या त्या सगळ्या जागा. काही नाही. गीझरच्या कपाटात तेवढ्या स्मूदीच्या बाटल्या ओळीने उभ्या. त्या बघून रडू फुटलं. एकीकडे माझ्या हातचं प्यायचं, गोड बोलायचं, बाटल्या भरू लागायचं, आणि बाहेर जाऊन तेच. केसाने गळा कापला माझा.

दारूची सापडली नाही याचाच जास्त राग आला. म्हणजे आता लपवायला नीट शिकलाय.

२१ एप्रिल

दुकानात दिवसभर लोकांना विचारत होते, आता स्पष्ट दिसतंय का. एका आजीबाईंनी विचारलं, "तुझे डोळे का गं सुजलेत?" ऍलर्जी म्हणाले.

मला दारूचा राग नाही एवढा. तो आजार आहे असं वन्संनी शिकवलंय, आणि मी शिकलेय. राग याचा की मी मोकळी झाले होते. त्याच्या शर्टाचा वास घेणं सोडलं होतं. उशीर झाला तर खिडकीत जाऊन उभं राहणं थांबलं होतं. आता परत सगळं पहिल्यापासून. हे मात्र मी नाही माफ करणार.

२३ एप्रिल

वन्संचा फोन. "तो जेवत नाही. म्हणतो, तुझ्या स्मूदीशिवाय काही प्यायलो नाही." मी म्हटलं, "वन्सं, तुम्ही त्याच्या सख्ख्या बहीण, तुम्ही असंच म्हणणार." फोन ठेवला. ठेवल्यावर लाज वाटली.

मग तशीच ओट्याशी उभी राहिले. फ्रिज उघडला. द्राक्षाची बाटली काढली आणि झाकण फिरवलं. फस्स! आणि तो वास. द्राक्षं, गोडी, आंबणं, घट्ट झाकण, ऊब. अगं बाई. दुसरं काय करतात द्राक्षांचं, पिंपात भरून?

म्हणजे हा खरं बोलत होता. मीच पाजली त्याला. रोज डब्याबरोबर, कौतुकाने! आणि वर बॅग भरून दारात ठेवली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, ठीक आहे. मी तर फुंकायलाही थांबले नाही, ग्लासच भिरकावला.

२४ एप्रिल

डेपोत गेले. फ्रिजमधली तीच बाटली पिशवीत, बरोबर वन्सं. वन्संनी सांगितल्यावरून हा आधीच येऊन बाहेरच्या बाकावर बसला होता. मी दिसल्यावर उभा राहिला, पण जवळ आला नाही.

साहेब सरळ माणूस वाटला. म्हणाला, "वहिनी, बायका येतात, रडतात. मला सवय आहे." म्हटलं, "मी रडायला नाही आले. मी जन्मात दारूला शिवलेले नाही. आधी माझी तपासणी करा." फुंकलं. मशीन गप्प. मग त्याच्यासमोर अख्खी बाटली प्यायले. नाकात झिणझिण्या आल्या. साहेबाने चूळ भरायला लावली, चहा मागवला, इकडचं तिकडचं बोलत बराच वेळ बसवून ठेवलं आणि परत नळी पुढे केली. वाजलं! दारात दोन कंडक्टर डोकावत होते, ते हसायलाच लागले.

साहेबाने विचारलं, "घरी या बाटल्या कोण भरतं?" मी म्हटलं, "मी." भरतो हा, पण करते मीच ना. उगाच त्याच्या अंगाला काही चिकटायला नको.

ठरलं ते असं: याला परत कामावर घेतील, पण असलं पेय ड्युटीवर आणायचं नाही. याने मान हलवली. बाहेर आल्यावर वन्सं मात्र म्हणाल्या, "इतकं चढतं यात? माझ्याकडे नाही गं होत असं." म्हटलं, तुम्हीच म्हणालात ना, हाताला गुण आहे.

घरी येताना डोकं हलकं हलकं वाटत होतं. आनंदाने असेल.

२५ एप्रिल

हा घरी आला. माझे दोन्ही हात धरून बसला. "माझ्यासाठी नळीत फुंकलंस," म्हणाला आणि रडला. मी पण. मी माफी मागितली तर म्हणाला, "तू कशाला मागतेस?" आणि मान खाली घातली. किती मोठ्या मनाचा.

२८ एप्रिल

आजपासून कामावर. बिनबाटलीचा डबा दिला. म्हटलं, संध्याकाळी घरी पी काय प्यायची ती.

३ मे

गंमत. दोन दिवसांपूर्वी याची दुपारची पाळी होती, म्हणून बाटल्या मीच भरल्या. तीच द्राक्षं, तेच दूध, तेच कपाट. आज उघडल्या. नुसतं आंबट. कुठे जरासा बुडबुडा. मी तीन ग्लास प्यायले, डोकं जागच्या जागी. बेकरीचा वासही नाही.

दाण्यांना काही झालं असेल. वन्संना विचारायला हवं.

४ मे

विचारलं. त्या म्हणाल्या, "हे असंच असतं अगं. माझ्याकडे नेहमी असंच होतं." मग म्हणाल्या, "तोच भरतो ना बाटल्या?" मी हो म्हटलं. त्यांनी विषय बदलला. मीही बदलू दिला.

५ मे

त्याचे जुने बूट पॉलिश करून ठेवावेत म्हटलं, तेवढीच प्रायश्चित्ताची खटपट. पॉलिशचा डबा उघडला. आत पॉलिश नव्हतं. यीस्टची पुडी होती, अर्धी संपलेली, वर पावाचं चित्र. आमच्या घरात पाव कोणी करत नाही. खाली एका पिशवीत साखर, चमच्यासकट.

गीझरच्या कपाटात काल मोजून ठेवलेल्या त्याच्या बाटल्यांच्या ओळीत एक जागा रिकामी. डबा मी दिला होता, बॅग त्याने भरली. पहिल्या गाडीवर गेलाय. पहिल्या गाडीला शाळेची मुलं असतात.

डेपोत फोन लावला. साहेबानेच उचलला. म्हटलं, "साहेब, त्या दिवशी मी खोटं बोलले. बाटल्या मी भरत नाही."