कामशेतच्या उतारावर

लोणावळा, रविवार, ८ जानेवारी १९३९

आज कामशेतला चहाच्या दुकानात तो सायकलवाला भेटला. गेल्या रविवारी वडगावहून परतताना मी घाटाचा उतार भरधाव उतरत होतो आणि तो हवा गेलेली सायकल ढकलत चढत होता. त्याने हात केला. मी घंटी वाजवून पुढे गेलो. आम्ही हौशी सायकलवाले वाटेत भेटलो की अशीच घंटी देतो. पण त्याचं बसलेलं चाक मी पाहिलं होतं. पंप माझ्या दांडीलाच होता.

"वराळ्याला चाललो व्हतो, मास्तर," तो बशीत चहा ओतत म्हणाला. "आई लय आजारी व्हती. पायी पोचलो तवर तिची वाचा गेलती. दुसऱ्या दिवशी गेली."

मी थांबायला हवं होतं, एवढंच मी कसंबसं म्हणालो.

"तुमी तरी काय करणार? तसल्या उताराला सायकल थांबती व्हय?"

तोच माझी समजूत घालत होता.

घरी आल्यापासून तेच बसलेलं चाक दिसतं आहे. एवढा चढ चढून मिळालेला उतार मला मोडायचा नव्हता, दुसरं काय? ब्रेक चांगले होते. ते त्याला सांगायचं सोडून मी मान डोलावली.